पिंजऱ्यातली कोंबडी सुखात असते म्हणे!

भुदरगडची लेक
काल इथं शिरोळच्या लेअरवाल्यांनी, म्हणजे अंड्यांसाठी पिंजऱ्यात कोंबड्या पाळणाऱ्यांनी, लिहिलं, "पिंजऱ्यातली कोंबडी गावातल्या कोंबडीपेक्षा सुखी. खाद्य, पाणी, लस वेळेवर. कुत्रं नाही, मुंगूस नाही. शहरातल्यांनी उगाच डोळे गाळू नयेत." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शहरातली नाही. आजीकडे सात-आठ कोंबड्या होत्या. अंड्यावर आलेली कोंबडी सकाळपासून कशी कासावीस फिरते, कोपरे धुंडाळते आणि शेवटी चुलीमागच्या पाटीत जाऊन बसते, हे मी रोज बघितलंय. पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही तेच हवं असतं, पण तिच्या पायाखाली तिरकी तार असते आणि अंडं पडताक्षणी घरंगळत पुढं जातं. आडोसा नाही, मातीत लोळणं नाही. पंख पसरायचे तर शेजारणीच्या अंगावर. एका पक्ष्याला जागा 450 चौरस सेंटिमीटर, कधी त्याहून कमी. आपला ए-फोर कागद 624 चा असतो. एवढ्या जागेत वर्षाहून जास्त काळ.

टोचाटोची होते म्हणून पिल्लाची चोच तापलेल्या पात्यानं कापतात. गर्दी आपण करायची आणि चोच तिची कापायची! वर्षाला 300 च्या आसपास अंडी काढून घ्यायची, त्यात चालणं-फिरणं नाही, म्हणून हाडं इतकी ठिसूळ होतात की शेवटी पिंजऱ्यातून ओढून काढतानाच मोडतात. खुडूक होणं, म्हणजे अंडी उबवायला बसणं, तर तिच्या रक्तातूनच काढून टाकलंय.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवायचा नाही, असं कलम 11 मध्ये लिहिलंय. 2017 मध्ये विधी आयोगाचा 269 वा अहवाल याच विषयावर आला. युरोपात 2012 पासून असे पिंजरे बंद आहेत.

अंडी खाऊ नका असं मी म्हणत नाही, मी खाते. पण याला सुख म्हणू नका.

शिरोळचा लेअरवाला
ताई, आधी युरोपाचं. तिथं साधे पिंजरे बंद झाले, मोठे आणि आत बसायला दांडी असलेले पिंजरे अजून चालतात. अर्धं सांगू नका.

माझं 8000 पक्ष्यांचं शेड आहे. 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत कंबरभर पाणी होतं. मी आणि माझ्या भावानं शेडच्या कट्ट्यावर तीन रात्री काढल्या, डिझेल मिळेना, खाद्य भिजलं. खालच्या ओळीतले पक्षी डोळ्यांसमोर गेले. मला कोंबडीचं काही वाटत नाही असं कुणी म्हणू नये.

आता हिशेब. खर्चाचा दोन तृतीयांश भाग मका आणि सोयापेंडीत जातो. अंड्याचा दर रोज सकाळी ठरून येतो, मी ठरवत नाही. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला, इथं एक पक्षी शिंकला नव्हता, तरी अंडी कुणी फुकट घेईना. जमिनीवर सोडलेल्या पक्ष्यात जंत, कॉक्सी म्हणजे आतड्याचा रोग, घाबरून एकमेकांवर ढीग होऊन मरणं, हे तुमच्या आजीच्या सात कोंबड्यांत दिसत नाही. 8000 त दिसतं.

कपिलतीर्थवाला
पिंजऱ्याचं राहू द्या, आधी गावरानच्या नावानं चाललेली लूट बघा. मंडईत तपकिरी अंडं दिसलं की दुप्पट दर! गेल्या महिन्यात दोन डझन नेली, सगळी एका मापाची. गावरान कोंबडी काय फुटपट्टी लावून अंडी घालते?

पन्हाळा रोड
तपकिरी म्हणजे गावरानच ओ. आमच्या घरात पोरगं आजारी पडलं की तेच देतात. बलक बघा कसा केशरी असतो.

कपिलतीर्थवाला
कवचाचा रंग जातीवर असतो. तपकिरी अंडी घालणाऱ्या जाती पिंजऱ्यातही असतात. आणि बलक खाद्यानं केशरी होतो, पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क घातला की झालं.

पन्हाळा रोड
म्हणजे माझी आई चाळीस वर्षं खोटं बोलतेय?

कपिलतीर्थवाला
आईचं नाव मी काढलं नाही. तुम्ही फसताय एवढंच म्हणालो.

कागलकर
गावरान म्हटलं की माझ्या जखमेवर मीठ पडतं. कडकनाथच्या नादात मी दीड लाख घातले. कंपनीनं पिल्लं दिली, अंडी आम्हीच उचलणार म्हणाली, वर्षाच्या आत कुलूप लागलं. काळ्या कोंबड्या शेवटी पाव्हण्यांना वाटल्या. बायकोचं गहाण टाकलेलं डोरलं अजून सुटलं नाही. शेतकऱ्याला कोण कोण लुटतंय त्यावर कुणी लिहा की!

भुदरगडची लेक
कागलकर दादा, तुमचं नुकसान मोठं आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मी तिथं येईन. पण इथं एवढी उत्तरं कवचाच्या रंगावर गेली आणि कोंबडी अजून पिंजऱ्यातच आहे.

शिरोळचा लेअरवाला
कुणी लिहितं कुठं? सगळे शेडवाल्यालाच धरतात. सहा रुपयाचं अंडं सात झालं की हेच लोक ओरडतात.

राजारामपुरी
मी पशुवैद्यक आहे. पिंजऱ्यात जंत आणि विष्ठेतून पसरणारे आजार कमी, हे खरं. चोचीत नसा असतात आणि कापताना वेदना होते, हेही तितकंच खरं. आणि मघापासून कुणी नरांबद्दल बोललं नाही. लेअर जातीचं नर पिल्लू अंडी देत नाही, मटणालाही परवडत नाही, म्हणून हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथंच, पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीनं 2022 पासून ते बंद केलं. आपल्याकडे त्यातलीच काही रंगवून आठवडी बाजारात येतात.

पन्हाळा रोड
ती गुलाबी-हिरवी पिल्लं? वडगावच्या बाजारात माझ्या मुलीनं हट्ट करून दोन घेतली होती. बुटाच्या खोक्यात बल्ब लावून ठेवली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गेली, पोरगी दोन दिवस जेवली नाही. आम्ही समजत होतो आमचंच काहीतरी चुकलं.

शिरोळचा लेअरवाला
ते हॅचरीचं आहे, माझ्या हातात नाही. चोचीचं मान्य, बघायला मलाही नको वाटतं. मी त्या दिवशी शेडवर थांबत नाही. पण पिंजरा काढा म्हणाल तर बँक माझं घर काढेल.

भुदरगडची लेक
काढा म्हणालेच नाही. एका पिंजऱ्यात किती ठेवता?

शिरोळचा लेअरवाला
पंधरा बाय अठरा इंचात चार. तीन केले तर 8000 चे 6000 होतात. हप्ता तेवढाच राहतो.

भुदरगडची लेक
तीन केले तरी एका पक्ष्याला 580 चौरस सेंटिमीटरच. कागदापेक्षा कमीच.

शिरोळचा लेअरवाला
तुमचं समाधान कशातच नाही! बरं. "सुखी" शब्द मी रागात लिहिला, तो मागं घेतो. पुढच्या बॅचला शेडातल्या एका ओळीच्या पिंजऱ्यांत तीन-तीन टाकतो. मर, खाद्य, अंडी रोज वहीत लिहीन. तोटा आला तर इथंच येऊन आकडे टाकणार, तेव्हा गप्प बसायचं नाही.

भुदरगडची लेक
नाही बसणार. बॅच कधी येते ते कळवा, वही बघायला शिरोळला येते.