मदत हवी आहे: तपासणी शिबिराला कामगार येत नाहीत

इंद्रायणीकाठ: चाकणच्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करते. व्यवस्थापनाने 'कर्मचारी स्वास्थ्य उपक्रम' सुरू करायला सांगितल्यावर आम्ही योगवर्ग, पावले मोजण्याची स्पर्धा आणि रक्तदाब-मधुमेहाची मोफत तपासणी अशी आखणी केली. परंतु ऑफिसातील मंडळी हौसेने आली आणि लाइनवरचे कामगार मात्र फिरकलेच नाहीत. तिमाहीचा अहवाल द्यायचा असल्याने उपस्थिती वाढवण्याचा खात्रीचा उपाय कृपया लवकर सुचवावा.

जुना_फिटर: कामगार किती, त्यांत कायम किती व कंत्राटी किती, शिबिर कोणत्या वेळी घेतले आणि तपासणीचा कागद शेवटी कोणाच्या हाती पडतो, हे सांगितल्याशिवाय उपाय सुचवणे म्हणजे रोगी न पाहता गोळी लिहून देणे आहे.

मौनव्रती: इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करवून घ्यावे. माझा पित्ताचा त्रास तिथेच गेला.

जुना_फिटर: कंत्राटी कामगाराला दहा दिवसांची रजा कोण देणार, तेही सांगून टाका.

इंद्रायणीकाठ: कामगार सुमारे सहाशे असून बहुसंख्य कंत्राटी आहेत. शिबिर पहिली पाळी सुटल्यावर ठेवले होते. अहवाल अर्थातच आमच्या विभागाकडे येतात. यात काही वेगळे आहे का?

जुना_फिटर: अडचण तिथेच आहे. पाळी सुटली की कंपनीची बस निघते आणि ती चुकली तर राजगुरुनगरकडे राहणाऱ्याला पदरचे पैसे मोडून घर गाठावे लागते. त्याहून मोठी भीती अशी की साखर वाढलेली निघाली, तर ठेकेदार ब्रेक देईल, म्हणजे कामावरून कमी करेल. आमच्या प्रेस शॉपमध्ये एक जण रक्तदाबाच्या गोळ्या बिस्किटाच्या पुड्यात लपवून आणत असे, कारण सुपरवायझरला कळले असते तर त्याला मशिनवरून काढून झाडलोटीला लावले असते.

आकडेमोड: मुळात अशा उपक्रमांचा उपयोग किती, हाही प्रश्न आहे. इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांचे यादृच्छिक गट पाडून असाच उपक्रम राबवला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय खर्चात किंवा गैरहजेरीत लक्षणीय फरक पडला नाही, आणि जे स्वतःहून सहभागी झाले त्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता. तुमच्याकडे ऑफिसवालेच का आले, याचे उत्तर त्यात आहे.

डॉक्टरीण_बाई: अमेरिकेतील विद्यापीठाचे निष्कर्ष चाकणच्या लाइनला जसेच्या तसे लावू नयेत. ज्याने आयुष्यात कधी रक्तदाब मोजलेला नाही, त्याच्यासाठी पहिली तपासणीच मोलाची असते. मात्र अहवाल बंद पाकिटात फक्त कामगाराच्या हाती द्यावा आणि विभागाला केवळ एकत्रित आकडे मिळावेत.

आकडेमोड: तपासणीला माझा विरोध नाही; पावले मोजण्याच्या स्पर्धेला आहे. आठ तास उभे राहणाऱ्या माणसाला आणखी चालायला सांगणे ही थट्टा आहे. त्यापेक्षा पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवा. उलट्या क्रमापेक्षा शरीराला ते कमी जड जाते.

कलम_पाहा: कायदाही पाहावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार शंभर कामगारांपासून कॅन्टीन आणि कारखान्यात अडीचशेपासून कल्याण अधिकारी आवश्यक आहे. जुन्या १९४८ च्या कायद्यात याच मर्यादा अनुक्रमे अडीचशेच्या वर आणि पाचशे अशा होत्या. चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक मोफत तपासणी हीसुद्धा आता मालकाची जबाबदारी आहे.

मौनव्रती: कॅन्टीनमध्ये नाचणी सुरू करावी.

डॉक्टरीण_बाई: नाचणी जरूर असावी, पण आधी रात्रपाळीला गरम जेवण मिळते का, ते पाहावे. मानसिक ताणासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक मराठीत लिहून लॉकर रूममध्ये लावा. तो सरकारी असल्यामुळे आपला फोन ऑफिसपर्यंत पोहोचेल ही धास्ती कमी राहते.

इंद्रायणीकाठ: पाकिटांची सूचना मी उद्याच मांडते. परंतु पाळीच्या वेळेत तपासणी ठेवल्यास प्रॉडक्शनवाले लाइन थांबवू देणार नाहीत, आणि ठेकेदार त्या वेळेची मजुरी कापेल.

जुना_फिटर: सगळी लाइन थांबवू नका. चहाच्या सुट्टीला जोडून पाच-पाच जण सोडा आणि त्यांच्या जागी रिलीव्हर उभा करा. मजुरी कापली जाणार नाही, हे ठेकेदाराकडून लेखी घेऊन त्याची प्रत गेटवरच्या फलकावर लावा. नुसत्या तोंडी आश्वासनावर कंत्राटी माणूस येणार नाही.