सौम्य अमेरिका?
कॅनडाच्या निवडणुकीविषयी लिहिताना एका अमेरिकन गृहस्थांनी कॅनडाला ‘सौम्य अमेरिका’ म्हटले आहे. तिथल्या मतपत्रिकेवर पंतप्रधानपदाचा उमेदवार नसतो, याचे त्यांना वाटलेले आश्चर्य समजण्याजोगे आहे. लोकसभेची सवय असलेल्या आपल्याला मात्र त्यात नवल वाटणार नाही. त्यांच्या निरीक्षणात एक भर घालतो: २०१९ आणि २०२१ या दोन्ही निवडणुकांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला लिबरल पक्षापेक्षा अधिक मते मिळाली, तरीही जागा लिबरलांच्या जास्त आल्या आणि त्यांचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो अल्पमतातील सरकार चालवत राहिले. २०१६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत अधिक मते मिळवूनही हिलरी क्लिंटन हरल्या, हे पाहिलेल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे फारसे काही नसावे. ‘कॅनडा म्हणजे सौम्य अमेरिका’ हे त्यांचे विधान मात्र क्वेबेकपाशी अडखळते. केवळ त्या फ्रेंचभाषक प्रांतात उमेदवार उभे करणारा, तोही कॅनडातून फुटून निघण्याची मागणी करणारा ब्लॉक क्वेबेक्वा हा पक्ष १९९३ साली संघीय संसदेत अधिकृत विरोधी पक्ष झाला होता.