रस्त्याच्या कडेला लागून सायकल चालवणार नाही. कोणाचं काय म्हणणं?

पूर्णाकाठचा सायकलवाला

दिवाळी झाली की आमचा मोसम सुरू होतो. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा या टापूत शर्यतीसाठी सायकल चालवणारी माणसं मोजकीच. कोणाचं दुकान, कोणाची शेती, कोणाची नोकरी, त्यामुळे सराव पहाटेचाच. २६ जानेवारीच्या आगेमागे तालुक्याच्या गावी स्पर्धा होतात, साध्या सायकलीचा गट वेगळा, गिअरवाल्यांचा वेगळा. लांब पल्ल्याची हौस असलेले ब्रेवे करतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. उन्हाळ्यात नऊनंतर डांबर तापतं, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर येते आणि सायकल साबणावरून घसरल्यासारखी जाते. राहिले हिवाळ्याचे तीन-चार महिने.

आणि नेमका तेव्हाच कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, निघतो. आधी सोयाबीन, मग तूर, अर्धा रस्ता खळं होतो. संत्र्याचे ट्रक सुटतात. २० डिसेंबरपासून बहिरमची यात्रा, म्हणजे परतवाडा-बैतूल रस्त्यावर हंडीचं मटण खाऊन आणि बाकीचंही घेऊन परतणाऱ्या गाड्या.

या मोसमात मी डांबराच्या काठापासून तीन फूट आत सायकल चालवतो आणि त्यावरून रोज शिव्या खातो. कारण सांगतो, मग तुम्हीही द्या. दुपदरी रस्त्याची एक बाजू साडेतीन मीटर. ट्रक साधारण अडीच मीटर रुंद. उरला एक मीटर, त्यात माझे खांदे, हँडल आणि वाऱ्यानं इकडेतिकडे होणं. म्हणजे मी पांढऱ्या पट्टीला चिकटलो तरी ट्रकला आपल्या बाजूत राहून मला नीट पार करता येतच नाही. त्याला पलीकडच्या बाजूत जावंच लागतं. मी कडेला सरकलो की फरक एवढाच पडतो, समोरून गाडी येत असतानाही मागच्याला वाटतं, निघून जाईल. तो निघतो, आणि मी साइडपट्टीवरून खाली मुरुमात. आत चाललो तर त्याला थांबायचं की जायचं हे आधीच ठरवावं लागतं. बैलबंडीमागं सगळे थांबतात. बंडीला कोणी 'कडेला हो' म्हणून खेटत नाही.

मोठ्या गाड्यांचा मला त्रास कमी आहे. मुद्दाम छळणारे वेगळे. मागच्या मोसमात कारमधल्या पोरांनी चालत्या गाडीतून हात काढून पाठीत थाप मारली आणि हसत गेले. तीन फूट आत असलो की हेही जरा अवघड होतं.

दहा चाकी

भाऊ, तुमचं मोजमाप बरोबर असंल, पण माह्या मागं काय चालू राह्यते ते तुमाले दिसत नाही. भरली गाडी घेऊन मी तुमच्यामागं हळू झालो की माह्या मागच्या पिकअपवाल्याले फक्त माहा डाला दिसते, तुमी दिसतच नाही. थो हॉर्न मारते, कट मारून मले पार करते, अन् ऐन टायमाले डाव्या अंगाले घुसते. तिथं तुमी. म्हणजे मी सरळ चालवली तरी तुमाले धोका, अन् नाव ट्रकवाल्याचंच. अंधारात काळे कपडे घालून, मागं दिवा नाही, असे पोट्टे रोज भेटते. भरली गाडी कशी थांबते हे एक डाव माह्या शेजारी बसून पाहा, मंग तीन फुटाचं बोला.

वावरातून

मले एक सांगा, रस्ता कामाले हाय का शौकाले? कापसाची ट्रॉली भरली की दोन्ही बाजूनं फुगते, आरशात मागचं काहीच दिसत नाही. ट्रॉलीले ब्रेक नसते, जो काय ब्रेक हाय थो ट्रॅक्टरले. तुमी वीस-तीस हजाराची, लाखाचीबी सायकल घेऊन मधातून चालता अन् आमी तुमच्यासाठी थांबाव? आमचा कापूस वर्षातून एकडाव निघते. ओला झाला की भाव पडला. तुमची शर्यत एक वर्ष नाही झाली तर कोनाचं काय बिघडते?

पूर्णाकाठचा सायकलवाला

वावरातून दादा, शौक म्हणा, हरकत नाही. पण मग बहिरमला जाणारी कार कोणत्या कामाची? तिला कोणी विचारत नाही. आणि रस्त्यावर तूर वाळवणं हे काम असलं तरी त्यावरून घसरून माणूस पडतो.

वावरातून

तूर वावरात वाळवली तर धूळ-माती लागते, अन् खळं करायले जागा कोनाजवळ राह्यली? तो इषय वेगळा काढा, तिथंबी भांडू.

मास्तरीणबाई

काम आणि शौक यावरून दोघं भांडताय, पण या रस्त्यावर सर्वांत जास्त सायकली कोणाच्या आहेत? आमच्या शाळेतल्या मुलींच्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळाल्या, म्हणून तर त्या शेजारच्या गावाहून शाळेत येतात. त्यांच्यासाठी हा शौक नाही, आणि त्यांच्या बाजूनं इथं कोणी लिहितही नाही.

पण शर्यतवाल्या भाऊंचं म्हणणंही मला पटत नाही. तुम्ही तासाला तीसच्या वेगानं, डोक्यावर हेल्मेट, अंगात ताकद. तुम्ही तीन फूट आत चाललात तर मागचा चरफडत का होईना थांबेल. माझी आठवीतली मुलगी दप्तर अडकवून दहाच्या वेगानं चालते. तिनं हे केलं तर तिला मागून नुसते हॉर्न ऐकू येतील, ती घाबरेल, आणि घाबरून जी वळेल ती कुठंही वळेल. दुसऱ्या दिवशी बाप म्हणेल, शाळा पुरे. मी मुलींना कडेनंच चाला, एकामागं एक चाला, असंच सांगते. आणि तुमच्यावर चिडलेला ड्रायव्हर पुढच्या गावात आमच्या मुलींवर राग काढतो. तो हिशेब तुम्ही धरलेला नाही.

पूर्णाकाठचा सायकलवाला

बाई, मुलींचा मुद्दा मोठा आहे. पण कड म्हणजे काय ते एकदा पाहा. नवीन सिमेंट रस्त्यांच्या कडेला मुरूम खचून वीतभर खड्डा झालाय. चाक एकदा खाली उतरलं की वर घेताना तिरकं लागतं आणि माणूस रस्त्यावरच आडवा होतो. बाभळीचे काटे, काच, खडी, सगळं कडेलाच झाडून येतं. मुलींनी कडेनं चालावं असं म्हणायचं तर आधी साइडपट्टी भरून द्यावी लागेल. आणि साडेपाच मीटरच्या गावरस्त्यावर तर कड आणि मध्य यांत फरकच उरत नाही.

काळा कोट

कायद्याचं थोडं. फ्रान्समध्ये सायकलवाल्याला पार करताना गावाबाहेर दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवावं लागतं. आपल्याकडे असं मीटरमध्ये सांगितलेलं अंतर नाही, धोकादायक किंवा निष्काळजी चालवणं एवढंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये बेदरकार चालवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीचा नंबरच मिळाला नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या भरपाई योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. तेही अर्ज केला तर. त्यामुळे रागात पाठलाग करण्यापेक्षा नंबर टिपणं महत्त्वाचं. हेल्मेटवरचा कॅमेरा यासाठी लावा, व्हिडिओ टाकून लाइक मिळवण्यासाठी नको.

दहा चाकी

वकीलसाहेब, आमचंबी सांगा ना. ठोकून पळून गेलं तर दहा वर्षं, असं कलम आलं म्हणून जानेवारी २०२४ ले आमी चक्काजाम केला होता. पेट्रोल पंपावर लाइनी लागल्या होत्या, आठवते का? आमी थांबत काऊन नाही ते कोनी इचारत नाही. थांबलो की गाव जमा होते, मारते, कधी गाडी पेटवते. मंग ड्रायव्हर पयते. थांबायले कोनाले भेव नाही वाटनार?

काळा कोट

खरं आहे. कलम १०६ चा तो दहा वर्षांचा दुसरा भाग थांबवून ठेवलाय. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हाही तो वगळला होता. पहिल्या भागात निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत आहेच. जमावाची भीती असेल तर पुढच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवा, ११२ लावा. गुपचूप निघून गेलात तर तुमची बाजू कोणी ऐकणार नाही.

फक्त वाचतो

एवढा समृद्धी महामार्ग रिकामा पडला आहे, तिकडे का नाही जात सराव करायला?

घाटवेडा

समृद्धीवर सायकल, मोटरसायकल, तीनचाकी, सगळ्यांना बंदी आहे भाऊ.

मीही शर्यतवालाच, पण पूर्णाकाठच्यांच्या विरोधात. हमरस्त्यावर सराव करायचाच कशाला? परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला चढा. उजाडता उजाडता निघालात तर वाटेत गाड्या कमी, आणि ताकद त्या चढावरच लागते. सपाटीचा वेग घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी बसवायच्या स्टँडवर, करता येतो, कंटाळवाणा आहे पण जिवंत राहता. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली. त्या शर्यतीत रात्री स्पर्धकाच्या मागं त्याची स्वतःची गाडी चालवणं सक्तीचं असतं. जगातले मोठे स्पर्धक मागं गाडी घेतात, आणि आपण अंधारात एकटे निघून तीन फुटांचा हट्ट धरतो. मागं चुलतभावाला मोटरसायकलवर घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, अर्धं भांडण मिटेल.

पूर्णाकाठचा सायकलवाला

रोज पहाटे चार वाजता उठणारा चुलतभाऊ तुम्ही द्या, पेट्रोल मी घालतो. चिखलदरा दर्यापूरहून किती लांब ते पाहा. सरावाला जाऊन दुकान उघडायला परत येता येत नाही. ट्रेनरला लाइट लागते, आमच्याकडची पहाटेची लाइट तुम्हाला माहीत आहे. आणि ट्रेनरवर समोरचा वारा नसतो, घोळक्यात चाक धरून चालणं शिकता येत नाही. शर्यतीत पुढच्याच्या आडोशाला राहिलं तरच शेवटाला पायात काही उरतं. ते रस्त्यावरच, चार-सहा जण मिळून शिकावं लागतं.

दहा चाकी

हेच! चार-सहा जण दोन-दोनच्या जोडीनं गप्पा मारत. मी तर त्याच्यावरच येनार होतो.

पूर्णाकाठचा सायकलवाला

जोडीनं असलो तर रांगेची लांबी निम्मी होते. आठ जण एकामागं एक म्हणजे वीसेक मीटरची रांग, तेवढं अंतर तुम्ही पलीकडच्या बाजूत राहणार. जोडीनं असलो तर लवकर परत येता. तुमच्याच फायद्याचं आहे.

दहा चाकी

कागदावर फायद्याचं. समोरून गाडी आली की जोडी फुटते का? नाही फुटत. एकानं मागं व्हा, हात दाखवा, मंग मी मानतो. मागचा लाल दिवा दिवसाबी चालू ठेवा, धुक्यात लय दुरून दिसते. तीन फुटाचं मात्र मले पटलं नाही.

वावरातून

मी ट्रॉलीले मागून लाल रेडियम लावून टाकतो. पन तुमीबी एक करा. जिनिंगचा वजनकाटा सकायी चालू होते, आमी रातीच निघून लाइनीत लागतो. म्हनून चार ते सात अंजनगावच्या रस्त्यानं ट्रॉल्याच ट्रॉल्या राह्यते. रविवारी काटा बंद. तवा फिरा ना मोकळ्या मनानं.

पूर्णाकाठचा सायकलवाला

रविवारी शर्यत असते दादा. सराव त्याच्या आधी लागतो. सोमवार-गुरुवार मी दर्यापूर-मूर्तिजापूर बाजूला जाऊन पाहतो, तिकडे ट्रॉल्या कमी असतील तर सांगा.

वावरातून

तिकडंबी जिनिंग हाय.