देवनागरी पत्त्यांतील टक्काचिन्हांची साखळी पायथॉनने पूर्ववत कशी करावी?

जिज्ञासू_लॉग: नमस्कार. आमच्या संकेतस्थळावरील लेखांचे पत्ते देवनागरीत आहेत. कोणता लेख किती वेळा उघडला जातो हे मोजण्यासाठी मी पायथॉन ३ मध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. परंतु सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीत, ‘पुणे’ हा शब्द ‘%ई०%ए४%एए’ अशी सुरुवात असलेल्या ३६ वर्णांच्या साखळीच्या रूपात येतो. प्रत्येक टक्काचिन्हापुढील जोडी संख्येचे अक्षर करणाऱ्या सीएचआर फंक्शनला दिली, तर भलतीच रोमन अक्षरे उमटतात. शिवाय काही पत्त्यांत शब्दांच्या मध्ये अधिक चिन्ह आहे. त्याचे काय करावे?

बाइटवाला: साखळी ठीक आहे. आपण प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर मानत आहात, तिथे घोटाळा होतो. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक, म्हणजे अक्षराला किंवा मात्रेला दिलेला क्रमांक, ३ बाइटचा असतो. ‘पुणे’मध्ये प, उकार, ण आणि एकार असे ४ संकेतांक, म्हणजे १२ बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्काचिन्ह व दोन षोडशमान अंकांनी लिहिला जात असल्याने ३६ वर्ण. सर्व बाइट गोळा करून मगच ते यूटीएफ-८ म्हणून वाचायला हवेत आणि युआरएललिब-पार्स या मोड्यूलमधील अनकोट हे फंक्शन नेमके तेच करते. मात्र मोडक्या बाइटच्या जागी ते निमूटपणे प्रश्नचिन्हाची चौकट घालते, त्यामुळे अर्धवट तुटलेले पत्ते ओळखायचे असतील तर त्या फंक्शनच्या एरर्स या पर्यायाचे मूल्य ‘स्ट्रिक्ट’ ठेवावे, म्हणजे तिथे त्रुटी दाखवली जाते.

अधिक चिन्ह पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरच्या भागात असेल तर ते बहुधा फॉर्ममधून आलेली मोकळी जागा असते. तिथे अधिक चिन्हाची मोकळी जागा करणारे अनकोट-प्लस वापरावे. मार्गाच्या भागात मात्र अधिक म्हणजे अधिकच, नाहीतर ‘सी++’वरील लेखाचे नाव नुसते ‘सी’ उरेल.

साधा_प्रोग्रामर: वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. आधी युआरएलस्प्लिटने पत्त्याचे भाग पाडावेत आणि नंतरच ते पूर्ववत करावेत. कोणी ‘मीठ&मिरची’ असे शोधले असेल, तर त्यातील चिन्ह ‘%२६’ या रूपात सुरक्षित असते; ते आधीच उलगडले की एका शोधशब्दाचे दोन तुकडे पडतात. प्रश्नचिन्हानंतरचा भाग वाचणारे पार्स-क्यूएस हे फंक्शन स्वतःच उलगडून देते, त्यावर पुन्हा अनकोट चालवू नये. ‘%२५’ म्हणजे खुद्द टक्काचिन्ह, म्हणून ‘%२५ई०’ असे दिसले तर पत्ता दोनदा सांकेतिक झालेला असतो. त्याचा उगम शोधून तिथेच दुरुस्ती करावी. टक्काचिन्ह संपेपर्यंत उलगडत राहणारे लूप मला घातक वाटते.

जिज्ञासू_लॉग: दोघांचेही आभार, आता अक्षरे नीट येतात. पण ‘दऱ्या’ हा शब्द असलेला लेख यादीत दोनदा मोजला जात आहे आणि पडद्यावर दोन्ही नावे अगदी सारखी दिसतात.

बाइटवाला: हे खास मराठीचे दुखणे आहे. काही कीबोर्ड ऱ, हलन्त आणि य असे लिहितात, तर काही साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य असे. त्या जोडचिन्हाचे बाइट लॉगमध्ये ‘%ई२%८०%८डी’ असे सापडतील. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, र आणि नुक्ता यांचा ऱ करते, पण या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून मोजणीपूर्वी र, हलन्त आणि जोडचिन्ह या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे. हा बदल केवळ मोजणीच्या प्रतीत करावा. मूळ पत्त्यात केला तर सर्व्हरला ते पान सापडणार नाही.