पोपपदाचा इतिहास कोणत्या काळापासून वाचायला घ्यावा?

सायंतारा (धागाकर्ती)

नमस्कार. मे २०२५ मध्ये लिओ चौदावे यांची निवड झाली, तेव्हा सिस्टीन चॅपेलच्या धुराड्याकडे डोळे लावून बसलेल्या असंख्य लोकांत मीही होते. त्या निमित्ताने पोपपदाचा इतिहास नीट वाचावा असे मनात आले आणि संत पेत्रापासून क्रमाने सुरुवातही केली. परंतु दहाव्या शतकापर्यंत येता येता नावे, क्रमांक आणि रोममधील सरदार घराण्यांची भांडणे यांचा असा गुंता झाला की कोण कशासाठी महत्त्वाचा हेच उमगेनासे झाले. माझा रस धर्मतत्त्वांपेक्षा सत्तेच्या व्यवहारात आहे. पोपला निवडते कोण, त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार कोणाला, आणि राजांशी त्याचे कसे जमत गेले, हे समजून घ्यायचे आहे. एकच कालखंड सखोल वाचायचा झाल्यास जाणकारांनी कोणता सुचवावा?

जुनी बखर

तुमचे तीनही प्रश्न जिथे एकाच वेळी ऐरणीवर आले तो काळ म्हणजे १३७८ ते १४१७. तिथून सुरुवात करावी आणि मग गरजेप्रमाणे मागे-पुढे जावे, असे मी सुचवेन.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १३०९ पासून पोपचे वास्तव्य आजच्या दक्षिण फ्रान्समधील आविन्यों येथे होते, ते अकरावे ग्रेगरी १३७७ मध्ये रोमला परतले आणि पुढच्याच वर्षी वारले. निवडीसाठी जमलेल्या सोळा कार्डिनलांपैकी (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी) अकरा फ्रेंच होते, आणि बाहेर रोमन जमाव ‘रोमन, निदान इटालियन तरी पोप हवा’ म्हणून ओरडत होता. त्यांनी बारीचे आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो यांना निवडले खरे, पण निकाल जाहीर होण्याआधीच जमाव आत घुसला. घाबरलेल्या कार्डिनलांनी मग तेबाल्देस्की या वृद्ध रोमन कार्डिनलांना, ते ‘मी पोप नाही’ असे सांगत असतानाही, पोपची वस्त्रे चढवून लोकांपुढे बसवले. हा प्रसंग मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण पुढचा सारा वाद त्याच दिवसाभोवती फिरतो. प्रिन्यानो सहावे अर्बन झाले, त्यांच्या संतापी वागण्याने कार्डिनल दुरावले, आणि निवड भीतीपोटी झाली म्हणून ती रद्दबातल ठरवून त्याच मंडळींनी सप्टेंबरमध्ये इटलीतीलच फोंदी येथे सातवे क्लेमेंट हा दुसरा पोप निवडला, आणि त्यांनी पुढे आविन्योंला ठाण मांडले. निवड भीतीपोटी झाली असेल, तर ते अनेक महिने अर्बन यांनाच पोप म्हणून कसे वागवत होते, हा प्रश्न मला आजही त्यांच्या दाव्यातील सर्वांत कच्चा दुवा वाटतो.

फ्रान्स आणि स्कॉटलंड आविन्योंच्या बाजूला, तर इंग्लंड आणि हंगेरी रोमच्या बाजूला गेले. पुढे संतपद मिळालेल्यांतही सिएनाच्या कॅथरीन अर्बन यांच्या पाठीशी, तर व्हिन्सेंट फेरर आविन्योंच्या पाठीशी होते. १४०९ मध्ये पिसा येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने दोन्ही बाजूंच्या तेव्हाच्या पोपना पदच्युत करून तिसरा निवडला. दोघांनीही ते मानले नाही आणि पोप तीन झाले. हा तिढा अखेर कॉन्स्टन्सच्या परिषदेने सोडवला. पोपनेही परिषदेचे ऐकले पाहिजे असा ठराव तिने एप्रिल १४१५ मध्ये केला, आणि नोव्हेंबर १४१७ मध्ये २३ कार्डिनलांबरोबर पाच ‘राष्ट्रां’चे (म्हणजे परिषदेतील प्रदेशवार गटांचे) ३० प्रतिनिधी मतदानाला बसवून पाचवे मार्टिन निवडले गेले. हे वाचून झाले की थेट १८७० ची व्हॅटिकन परिषद घ्यावी. तिथे पोपच्या अधिकाराविषयी नेमकी उलट भूमिका घेतली गेली, आणि दोन महिन्यांतच रोम शहर इटलीच्या सैन्याच्या हाती गेले.

पैलतीर

वरील सल्ला उत्तम आहे, पण माझा थोडा मतभेद आहे. मुळात कार्डिनलांना निवडीचा हक्क कसा मिळाला हे ठाऊक नसेल, तर १३७८ चा पेच अर्धाच कळतो. १०४६ मध्ये सम्राट तिसरा हेन्री आपल्या मर्जीने पोप हटवू आणि बसवू शकत होता. १०५९ मध्ये दुसरे निकोलस यांनी निवडीत कार्डिनलांना प्राधान्य दिले, आणि १०७७ च्या जानेवारीत त्याच सम्राटाचा मुलगा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरींची क्षमा मागण्यासाठी उत्तर इटलीतील कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात उभा होता. ही तीस वर्षे आधी वाचावीत. फार वेळ लागणार नाही.

सोपारा

राजांशी संबंध हा मुद्दा आपल्या किनाऱ्यावरूनही पाहता येतो. पोर्तुगालच्या राजाला पोपकडूनच ‘पाद्रोआदो’चे हक्क मिळाले होते, म्हणजे बिशप सुचवण्याचा अधिकार आणि चर्चचा खर्च उचलण्याची जबाबदारी, पण १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचे खाते उघडले आणि दोघांत जुंपली. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रू हे याचे बोलके उदाहरण आहे. गोव्यात त्यांना पुरोहितपद नाकारले गेले, म्हणून ते रोमला गेले, १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले, आणि गोव्यातील पोर्तुगीजांनी त्यांना शेवटपर्यंत मानले नाही. मुंबईत तर या दोन अधिकारांतील ओढाताण १९२८ च्या करारापर्यंत चालली.

सायंतारा

मनःपूर्वक आभार. १०५९ पासून सुरुवात करून १४१७ पर्यंत जाईन म्हणते. एक शंका आहे : तीन पोप असताना यादीत क्रमांक कोणाला द्यायचा, हे कसे ठरले?

जुनी बखर

आजची अधिकृत यादी रोमची परंपरा धरते, त्यामुळे आविन्यों आणि पिसा येथील दावेदार प्रतिपोप, म्हणजे अधिकृत न मानलेले पोप, ठरतात. तथापि हे सारे बऱ्याच उशिरा स्थिरावले. पिसाच्या परंपरेतील बाल्दास्सारे कोस्सा यांनी तेविसावे जॉन हे नाव घेतले होते. १९५८ मध्ये आन्जेलो रोंकाल्ली यांनी तेच नाव आणि तोच क्रमांक घेतला, तेव्हा कोस्सा यादीबाहेर असल्याचे स्पष्ट झाले. विसावे जॉन या क्रमांकाचा पोप तर कधी झालाच नाही. मध्ययुगीन मोजणीतील घोळामुळे तो आकडा गळला. म्हणून वाचताना क्रमांकावर भिस्त ठेवू नये, मूळ नाव आणि निवडीचे वर्ष टिपून ठेवावे. ‘सातवे क्लेमेंट’ शोधताना १३७८ चे आणि १५२३ चे असे दोघे समोर येतील, तेव्हा त्याचा उपयोग होईल.