मदत हवी आहे: देशपांडेंचं कपाट कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही एक्सेलमध्ये चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कुलकर्णी आणि जोशी कसेबसे निभावले, पण देशपांडेंपाशी गाडी अडली.

वहीत आडनाव आणि नावाचं आद्याक्षर एवढंच आहे. 'देशपांडे पु.' म्हणजे पु. ल. की पु. य.? दोघेही पुरुषोत्तम! फरक वडिलांच्या नावात, एक लक्ष्मण, दुसरे यशवंत. त्यामुळे पु. यं.ची 'अनामिकाची चिंतनिका' वर्षानुवर्षं 'बटाट्याची चाळ'ला टेकून उभी आहे. (1962 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेलं पुस्तक आहे हो, पण हसायला म्हणून नेणाऱ्याचं काय होत असेल!) गांधीवादी निर्मला देशपांडे या पु. यं.च्याच कन्या, पण आमच्या एका सभासदाला त्या पुलंच्या घरातल्या वाटत होत्या.

दुसरा घोळ नवरा-बायकोचा. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. ते 'अ'मध्ये बसलेत आणि कुसुमावतीबाई 'द'मध्ये. दोघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ते 1958 ला मालवणला, त्या 1961 ला ग्वाल्हेरला. आणि दोघांचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' नावाने एकाच पुस्तकात! तो कुठल्या कपाटात ठेवू?

'आहे मनोहर तरी' सुनीताबाईंचं, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर गौरी देशपांडेंचं. लेखिका देशपांडे, अनुवादिका देशपांडे. कुणी त्यांना बहिणी समजू नये म्हणून सांगतो, गौरीबाई म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी. शिवाय 'शीळ'वाले ना. घ. आणि नाटककार गो. पु. आहेतच.

माझ्या मते आडनावावर लावण्यात अर्थच नाही. देशपांडे हे परगण्याच्या हिशेबाचं वतन, गावोगावी वेगळी घराणी. काउंटरवर येऊन 'देशपांडेंचं पुस्तक द्या' असं कुणी म्हणतही नाही, 'पुलंचं द्या' म्हणतात. पण कार्यकारिणीला आडनावच हवंय. तर:

आडनावावर लावूनही पुलं चटकन सापडतील, अशी काही युक्ती आहे का? टोपणनावाची नोंद मूळ नावाखाली करायची की उलट? आणि अनुवादिकेला वेगळा रकाना द्यायचा का?

---

प्रतिसाद: आडनाव ठेवा, पण पूर्ण नाव आणि जन्मसाल जोडा. 'देशपांडे, पुरुषोत्तम यशवंत, 1899' आणि 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण, 1919'. मग गोंधळ होणार नाही. 'प्रचलित नाव' असा एक रकाना वाढवा, त्यात 'पुलं' टाका, शोध तिथूनच लागेल. अनिल 'अनिल'खालीच राहू द्या, वाचक तिथेच शोधणार. देशपांडेंमध्ये फक्त एक ओळ घाला, 'आत्माराम रावजी: अनिल पाहा'. 'कुसुमानिल'च्या दोन प्रती असतील तर प्रश्नच मिटला. अनुवादकाला रकाना हवाच, तोही शोधता येण्यासारखा.

धागाकर्ता: जन्मसालाची युक्ती पटली, आभार! 'कुसुमानिल'ची प्रत मात्र एकच आहे, तीही बांधणी सुटलेली. तूर्त कुसुमावतीबाईंच्या 'पासंग'शेजारी ठेवतो. कुणाची हरकत?