निओडिमियम मॅग्नेट तापल्यावर ताकद जाते का?

प्रश्न: जुन्या बाजारातून बंद हार्ड डिस्क आणल्यात, त्यातली मॅग्नेट काढून छोटा जनरेटर करायचाय, पण उष्णतेने ती वीक होतात म्हणे?

कोथरूडकर: हो. साधा ग्रेड साधारण ८० डिग्रीच्या वर गेला की ताकद कमी व्हायला लागते आणि गार झाल्यावरही पूर्ण परत येत नाही, म्हणून तर ईव्हीच्या मोटरसाठी त्यात डिस्प्रोसियम नावाचा धातू घालतात.

हडपसरवाला: वरचं निकेल खरवडू नका हं, आत निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन असतं, उघडं पडलं की गंजून भुगा होतो.

सिंहगड रोड: घरात लहान मुलं असतील तर प्लीज जपा! दोन गिळली तर आतडं मधे चिमटतं, थेट हॉस्पिटल गाठायचं.